हृदयाचा स्नायू जिवंत आहे की मेला, हे कसं कळतं? 'व्हायबिलिटी टेस्ट' सोप्या भाषेत

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या मामांची अँजिओग्राफी झाली. तिन्ही नळ्यांमध्ये ब्लॉकेज, त्यातली समोरची मोठी नळी शंभर टक्के बंद. इकोमध्ये पंपिंग २८ टक्के. आम्ही सगळे धरून चाललो होतो की आता बायपासची तारीख मिळणार. पण डॉक्टर म्हणाले, "आधी व्हायबिलिटी बघू, मग ठरवू."

बाहेर आल्यावर मामांनी मला गाठलंच. "अरे, नळी बंद आहे हे दिसतंय ना? मग ती उघडायची सोडून आणखी एक टेस्ट कशाला?"

घरात 'कॉम्प्युटरवाला' मी एकटाच, त्यामुळे मशीन, रिपोर्ट, सीडी असलं काही आलं की प्रश्न माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. पण पुढचे दोन आठवडे मी हा विषय जमेल तितका वाचून काढला, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतोय. यामागचं तंत्रज्ञान खरंच सुंदर आहे. आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू

'पंपिंग २८ टक्के' म्हणजे हृदय २८ टक्केच उरलंय, असं नाही. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातल्या रक्ताचा जेवढा भाग एका ठोक्याला बाहेर फेकला जातो, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो, शंभर कधीच नसतो. २८ हा आकडा कमीच आहे, काळजीचाच आहे. पण तो फक्त एवढंच सांगतो की स्नायू नीट आकुंचन पावत नाहीये. का पावत नाहीये, हे तो सांगत नाही.

बंद नळी आणि मेलेला स्नायू या दोन वेगळ्या गोष्टी

अँजिओग्राफीत आपल्याला नळ्या दिसतात. शेतीच्या भाषेत सांगायचं तर पाट दिसतो, पीक दिसत नाही. पाट कुठे तुंबलाय हे कळलं, तरी पुढच्या वावरात काय शिल्लक आहे ते वेगळंच बघावं लागतं. मोठी नळी पूर्ण बंद असली तरी शेजारच्या नळ्यांतून बारीक बारीक फाटे फुटून थोडंफार रक्त पोचत राहू शकतं. म्हणून बंद नळीच्या मागचा स्नायू तीन अवस्थांमध्ये सापडू शकतो.

पहिली अवस्था, मेलेला. ॲटॅकमध्ये पेशी मेल्या आणि त्यांच्या जागी व्रण तयार झाला. हा भाग पुन्हा कधीच आकुंचन पावणार नाही, नळी उघडली तरी नाही.

दुसरी, बधिर झालेला. रक्त काही वेळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, पण स्नायू धक्क्यातून सावरलेला नाही. डॉक्टर याला 'स्टनिंग' म्हणतात. यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ साली ही कल्पना मांडली. हा स्नायू काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप सावरू शकतो.

तिसरी, झोपलेला. रक्त महिनोन्महिने कमी येतंय, म्हणून स्नायूने जगण्यापुरता खर्च चालू ठेवून काम बंद केलंय. अस्वल थंडीत पडून राहतं तसं, म्हणून नाव 'हायबरनेटिंग'. ही कल्पना १९८०च्या दशकात रुजवली ती शाहबुद्दीन रहीमतुल्ला या हृदयरोगतज्ज्ञांनी. जन्म मुंबईचा, कारकीर्द अमेरिकेत. बायपासनंतर काही रुग्णांच्या हृदयाचे 'मेलेले' वाटणारे भाग पुन्हा हलू लागतात, या निरीक्षणाचं उत्तर त्यात होतं.

साध्या इकोमध्ये गंमत अशी की हे तिन्ही भाग सारखेच दिसतात. तिघेही हलत नाहीत!

हे मी मामांना समजावत होतो तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे डाळिंबाच्या फांदीसारखं." मामांची डाळिंबाची बाग आहे. पाण्याचा ताण पडून पानं झडली की फांदी मेली की नुसती सुकलीय हे वरून कळत नाही. मग नखाने साल थोडी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर पाणी द्यायचं, तपकिरी दिसलं तर छाटायची.

यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. व्हायबिलिटी टेस्ट म्हणजे साल खरवडून बघणं. फक्त धडधडत्या हृदयाला नख लावता येत नाही, म्हणून वैज्ञानिकांनी आत हिरवं आहे का हे बाहेरून बघण्याचे वेगवेगळे मार्ग काढले. प्रत्येक टेस्ट स्नायूला वेगळा प्रश्न विचारते. ते प्रश्न लक्षात ठेवले की टेस्टही लक्षात राहतात.

प्रश्न १: ढोसलं तर हलतोस का? (डोब्युटामिन इको)

डोब्युटामिन हे हृदयाला जोर लावायला लावणारं औषध. सलाईनमधून ते अगदी कमी मात्रेत सुरू करतात, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, मग १०, मग २०. त्याच वेळी इको चालू असतो. जो भाग एरवी गप्प होता तो कमी मात्रेवर हलायला लागला, तर तो जिवंत आहे.

त्याहून बोलकी खूण म्हणजे 'आधी सुधारला, मग बिघडला'. मात्रा वाढवत नेली (४० पर्यंत नेतात) की झोपलेला स्नायू आधी जागा होतो, पण काम वाढल्यावर रक्त पुरत नाही आणि पुन्हा मंदावतो. म्हणजे जिवंतही आहे आणि उपाशीही आहे.

फायदा असा की किरणोत्सर्ग नाही आणि इको मशीन बहुतेक ठिकाणी असतं. तोटा असा की निकाल बघणाऱ्याच्या नजरेवर बराच अवलंबून असतो, आणि काहींच्या छातीतून चित्र नीट मिळतच नाही. शिवाय काही स्नायू इतके खोल झोपलेले असतात की ढोसूनही उठत नाहीत, तरी जिवंत असतात. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर त्याही प्रतिसाद दाबू शकतात. म्हणून 'कोणत्या गोळ्या चालू आहेत' हे आधी सांगणं फार गरजेचं. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

प्रश्न २: तुझं आवरण शाबूत आहे का? (थॅलियम आणि टेक्नेशियम स्कॅन)

जिवंत पेशी बाहेरचं पोटॅशियम आत खेचत राहते. त्यासाठी तिच्या आवरणात एक पंप असतो आणि तो चालवायला ऊर्जा लागते. मेलेल्या पेशीचा पंप बंद. थॅलियम २०१ हा किरणोत्सर्गी पदार्थ शरीरात पोटॅशियमसारखा वागतो. तो शिरेतून दिला की जिवंत पेशी त्याला आत घेतात आणि बाहेरचा कॅमेरा त्यातून येणारे किरण टिपतो.

इथे खरी युक्ती वेळेची आहे. बारीक प्रवाहावर जगणाऱ्या पेशींकडे थॅलियम उशिरा पोचतं. म्हणून एक फोटो लगेच आणि दुसरा तीन-चार तासांनी, कधी कधी २४ तासांनी काढतात. आधी काळा दिसलेला भाग नंतर भरून आला, तर तो जिवंत. थॅलियम २०१ चं अर्धआयुष्य सुमारे ७३ तास असल्याने एवढं थांबणं परवडतं.

आपल्याकडे 'स्ट्रेस थॅलियम' हे नाव तोंडात बसलंय, पण अनेकदा प्रत्यक्षात टेक्नेशियम ९९एम वापरतात. त्याचं अर्धआयुष्य ६ तास, चित्र जास्त स्वच्छ, आणि ते पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत जाऊन बसतं. इंजेक्शनच्या आधी नळ्या सैल करणारं नायट्रेट दिलं तर झोपलेले भाग अधिक चांगले उठून दिसतात.

मर्यादा एकच, पण मोठी. या कॅमेऱ्याला साधारण एक सेंटीमीटरपेक्षा बारीक तपशील नीट दिसत नाही. आणि हृदयाची भिंतच मुळात जवळपास तेवढी जाड असते!

प्रश्न ३: साखर खातोस का? (पेट स्कॅन)

निरोगी हृदय मुख्यतः चरबीतल्या आम्लांवर चालतं. पण रक्त कमी पडलं की पेशी साखरेकडे वळते, कारण तेवढीच ऊर्जा काढायला साखरेला ऑक्सिजन कमी लागतो. याच सवयीचा फायदा पेट स्कॅन घेतो. एफडीजी म्हणजे साखरेसारख्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन १८ चिकटवलेलं. पेशी ते साखर समजून आत घेते, पण पुढे पचवता येत नाही, म्हणून ते आतच अडकतं आणि चित्रात चमकतं.

दोन चित्रं शेजारी ठेवायची. एक रक्तप्रवाहाचं, एक साखरेचं. प्रवाह कमी पण साखर भरपूर, म्हणजे स्नायू उपाशी आहे पण जिवंत आहे. रिपोर्टमध्ये याला 'मिसमॅच' म्हणतात. प्रवाहही नाही आणि साखरही नाही, म्हणजे 'मॅच', अर्थात व्रण. लक्षात घ्या, इथे 'मिसमॅच' ही चांगली बातमी असते. आमच्या मामी हा शब्द ऐकून घाबरल्या होत्या.

फ्लोरिन १८ चं अर्धआयुष्य सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे ते दुसरीकडून आणता येतं. प्रवाह बघायला लागणाऱ्या अमोनियातल्या नायट्रोजन १३ चं मात्र जेमतेम १० मिनिटं. ते बनवणारं यंत्र आवारातच असावं लागतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी प्रवाहाचं चित्र टेक्नेशियमने आणि साखरेचं चित्र पेटने काढतात.

इथेच आमची फजिती झाली. मामांना पंधरा वर्षांचा डायबेटिस. ज्या सेंटरला आम्ही गेलो तिथे फोनवर सांगितलं, "उपाशी पोटी या." बस, एवढंच. कॅन्सरसाठीच्या पेट स्कॅनला ही तयारी चालते, पण हृदयाच्या व्हायबिलिटीला गोष्ट उलटी आहे. उपाशी हृदय चरबी जाळतं, साखर घेतच नाही. म्हणून उपवासानंतर मोजून ग्लुकोज देतात, गरजेप्रमाणे इन्सुलिन देतात, रक्तातली साखर तपासत राहतात आणि मग एफडीजी देतात. डायबेटिस असेल तर हे आणखी किचकट होतं, कारण इन्सुलिनशिवाय साखर पेशीच्या दारातच उभी राहते. मामांचं चित्र आलं ते सगळंच अंधुक. इकोमध्ये व्यवस्थित हलणारे भागसुद्धा अंधुक! डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हे हृदयाचं नाही, तयारीचं चुकलंय. पैसेही गेले आणि आठवडाही.

तेव्हा घरी डायबेटिसचा पेशंट असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: "ग्लुकोज-इन्सुलिनची तयारी तुम्ही कशी करता?" समोरून नीट उत्तर आलं नाही, तर रेफर करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला.

प्रश्न ४: व्रण कुठे आणि किती खोल? (कार्डियाक एमआरआय)

आतापर्यंतच्या टेस्ट जिवंत भाग शोधत होत्या. एमआरआय उलट बाजूने येतं, ते मेलेला भाग शोधतं.

गॅडोलिनियम असलेलं औषध शिरेतून देतात. ते शाबूत पेशीच्या आत शिरू शकत नाही, पेशींच्या मधल्या जागेतच फिरतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीने असतात, मधली जागा थोडी, त्यामुळे औषध लवकर धुऊन जातं. व्रणात पेशी नाहीत, जागाच जागा आहे, तिथे ते रेंगाळतं. दहा ते वीस मिनिटं थांबून फोटो काढला की निरोगी स्नायू काळा आणि व्रण पांढराशुभ्र दिसतो. 'पांढरं ते मेलेलं', एवढं लक्षात ठेवा. (ताज्या ॲटॅकनंतर लगेच केलं तर सूजही पांढऱ्यात मिसळून आकडा फुगू शकतो, हे डॉक्टर लक्षात घेतात.)

एमआरआयची खरी ताकद त्याच्या बारकाईत आहे. एक-दोन मिलिमीटरचा तपशील दिसतो. हे महत्त्वाचं का? तर ॲटॅकमध्ये स्नायू एकदम सगळा मरत नाही. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की मृत्यू आतल्या थरापासून सुरू होतो आणि वेळ जाईल तसा बाहेरच्या थराकडे सरकतो. म्हणजे भिंतीचा आतला पाव भाग मेलाय आणि बाहेरचा पाऊण भाग जिवंत आहे, असं होऊ शकतं. तो पाव की पाऊण, हे एमआरआयमध्ये मोजता येतं.

रेमंड किम आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास यात गाजलेला आहे. ५० रुग्णांचं एमआरआय नळ्या उघडण्याआधी केलं आणि नंतर हालचाल तपासली. ज्या बिघडलेल्या भागांत पांढरं अजिबात नव्हतं, त्यातले ७८ टक्के सुधारले. ज्यांत जाडीच्या ७५ टक्क्यांहून जास्त पांढरं होतं, अशा ५८ भागांपैकी फक्त १ सुधारला. म्हणून आज ढोबळ हिशेब असा: २५ टक्क्यांच्या आत व्रण असेल तर आशा चांगली, ५० च्या वर असेल तर कमी, आणि मधलं सगळं 'बघू या'.

अडचणी आहेत. वारंवार श्वास रोखावा लागतो, बोगद्यासारख्या मशीनमध्ये पडून राहावं लागतं, पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का हे बघावं लागतं. किडनी खूपच कमजोर असेल तर गॅडोलिनियमबाबत विशेष खबरदारी घ्यावी लागते.

मग जिवंत भाग सापडला की नळी उघडायची, एवढं सोपं?

मलाही तसंच वाटत होतं. आणि खरं सांगतो, वैद्यकशास्त्रालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. २००२ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून, तीन हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली गेली. स्नायू जिवंत असलेल्यांमध्ये नळ्या उघडलेल्यांचा वार्षिक मृत्युदर ३.२ टक्के, नुसत्या औषधांवर असलेल्यांचा १६ टक्के. केवढा फरक! पण यात कुणाला ऑपरेशन आणि कुणाला औषधं हे डॉक्टरांनी ठरवलेलं होतं, चिठ्ठ्या टाकून नाही. धडधाकट रुग्ण ऑपरेशनकडे जास्त गेले असणं अगदी शक्य आहे.

मग चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास आले. 'स्टिच' नावाच्या चाचणीत पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेले १२१२ रुग्ण होते. दहा वर्षांच्या शेवटी बायपास गटात ५८.९ टक्के आणि फक्त औषधं घेणाऱ्या गटात ६६.१ टक्के मृत्यू झाले. म्हणजे बायपासचा फायदा दिसला. पण त्यातल्या ज्या ६०१ रुग्णांची व्हायबिलिटी टेस्ट झाली होती, त्यांत जिवंत स्नायू असलेल्यांनाच बायपासचा जास्त फायदा झाला, असं काही दिसलं नाही.

२०२२ मध्ये ब्रिटनमधल्या 'रिव्हाइव्ह्ड' चाचणीचा निकाल आला. ७०० रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग ३५ किंवा कमी, आणि सगळ्यांमध्ये जिवंत स्नायू असल्याचं आधी तपासलेलं. अर्ध्यांना स्टेंट अधिक औषधं, अर्ध्यांना फक्त औषधं. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं याचं प्रमाण ३७.२ टक्के विरुद्ध ३८ टक्के. फरक जवळपास नाहीच. पंपिंगमध्येही नाही.

मग टेस्ट निरुपयोगी का? नाही. माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा आहे. 'हिरवं दिसलं म्हणजे पाणी दिलं की पालवी फुटणारच' हा सरळ हिशेब चुकीचा ठरला. बायपासचा फायदा कदाचित झोपलेला स्नायू उठवण्यापेक्षा पुढचा ॲटॅक अडवण्यात जास्त असावा. आजची औषधंही पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहेत आणि तीसुद्धा स्नायूला सावरतात. आणि व्रण किती आहे, हा आकडा पुढचा धोका सांगायला उपयोगी पडतोच. म्हणजे व्हायबिलिटी रिपोर्ट हा न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे. वय, किडनी, डायबेटिस, छातीत दुखणं, नळ्यांची ठेवण, ऑपरेशनचा धोका, या सगळ्या साक्षी एकत्र ऐकूनच निकाल द्यायचा.

रिपोर्ट हातात आल्यावर काय विचारायचं?

डाव्या कप्प्याचे १७ भाग पाडून रिपोर्ट लिहितात. त्याची गोल चकती छापलेली असते. ती समोर ठेवून हे प्रश्न विचारा:

- न हलणाऱ्या भागांपैकी किती जिवंत आहेत आणि किती व्रण झालेत?
- जिवंत भाग ज्या नळीवर अवलंबून आहेत, ती नळी उघडण्यासारखी आहे का?
- ऑपरेशन केलं नाही आणि औषधं पूर्ण मात्रेत घेतली, तर काय अपेक्षा ठेवायची?
- ऑपरेशनचा धोका आमच्या पेशंटच्या बाबतीत किती?

मामांचं काय झालं?

एमआरआयमध्ये हृदयाच्या टोकाचे तीन भाग पूर्ण पांढरे आले. समोरच्या भिंतीचे बाकीचे भाग मात्र पाव जाडीच्या आतच. डायबेटिस, तिन्ही नळ्या खराब, किडनी ठीक. डॉक्टर आणि सर्जन दोघांनी मिळून बायपासचा सल्ला दिला. धोका लपवला नाही. मामांनी रिपोर्टची चकती हातात घेऊन एकच विचारलं, "छाटायची फांदी कुठली आणि पाणी द्यायची कुठली, ते दाखवा." सर्जननी पेनाने दाखवलं. मामांनी सही केली.

सहा महिन्यांनी पंपिंग ३६ टक्के आलं. टोकाचे तीन भाग तसेच आहेत, ते तसेच राहणार. बाकी सुधारणा बायपासमुळे की नव्या गोळ्यांमुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि आता वाचून झाल्यावर कुणी तसं सांगितलं तर मी विश्वासही ठेवणार नाही. मामा सकाळी बागेत एक फेरी मारतात, चढ आला की थांबतात, गोळ्यांची डबी खिशात असते.

तुमच्या घरी कुणाला ही टेस्ट सांगितली असेल तर घाबरू नका, आणि 'उगाच खर्च' म्हणून टाळूही नका. कोणता प्रश्न विचारला जातोय ते समजून घ्या, तयारी नीट करा, आणि निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांसोबत बसूनच घ्या.